गाठ कोणत्या बाजूला आहे, ते आधी पाहावे

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. मागच्या दिवाळीत घरात पाय घसरून पडले, डोक्याला खोक पडली म्हणून सीटी स्कॅन आणि पुढे एमआरआय झाला. त्यात डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, मेंदूच्या पृष्ठभागालगत ११ मिलिमीटरची ‘मेनिन्जिओमा’ ही गाठ दिसली. भोवती सूज नाही. न्यूरोसर्जन म्हणाले की गाठ साधी वाटते, ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. तेव्हापासून रात्री डाव्या हाताला येणाऱ्या मुंग्या, कूस बदलताना येणारी चक्कर, विसराळूपणा, सगळे त्या गाठीमुळेच होत असावे असे वाटते. काय समजावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मेनिन्जिओमा ही मेंदूची नव्हे, तर मेंदूवरच्या आवरणाची गाठ असते. हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदांनी १९२२ साली तिला हे नाव दिले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते आणि पुष्कळदा तुमच्यासारखीच, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत दिसते. यांतल्या बहुतेक गाठी सौम्य असतात. वाढल्याच तर बहुधा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरने वाढतात आणि कॅल्शियम साचलेल्या गाठी तर अनेकदा वाढतच नाहीत.

आता तुमच्या तक्रारींकडे वळू. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाचा कारभार पाहतो, त्यामुळे तुमच्या गाठीने त्रास दिलाच तर तो उजव्या हातात, चेहऱ्याच्या उजव्या बाजूला किंवा बोलण्यात दिसायला हवा; डाव्या हाताच्या मुंग्यांचा दोष तिच्यावर टाकता येत नाही. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येतात, करंगळी सुटते आणि हात झटकला की बरे वाटते, असे असेल तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता मोठी आहे. कूस बदलताना काही सेकंद घर फिरल्यासारखे होणे हा बहुधा आतल्या कानाचा दोष असतो, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ तो अनेकदा डोके विशिष्ट रीतीने वळवून तिथल्या तिथे घालवतात. विसराळूपणाबाबत मात्र इतके ठामपणे सांगता येत नाही, कारण कपाळामागची मोठी गाठ स्मरण आणि स्वभाव दोन्ही बदलू शकते. पण ११ मिलिमीटरची, भोवती सूज नसलेली गाठ सहसा तसे करीत नाही. या वयात थायरॉइड, बी-१२ आणि झोप आधी पाहावी. (अहवाल हाती आल्यापासून तुम्ही किती रात्री नीट झोपलात, हेही डॉक्टरांना सांगा.)

उजव्या हाताची पकड सैल पडणे, ओळखीचा शब्द ओठांवर न येणे, पहाटे वाढणाऱ्या डोकेदुखीसोबत उलटी होणे किंवा नजर अधू होणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. उजवा हात किंवा चेहरा आपोआप झटके देऊ लागला तर ती फिट असू शकते. फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा सायप्रोटेरॉनच्या गोळ्या ही हॉर्मोनची औषधे दीर्घकाळ घेतल्यास या गाठीचा धोका वाढतो असे आढळले आहे. म्हणून पाळीच्या वा रजोनिवृत्तीच्या तक्रारींसाठी कोणतेही हॉर्मोन सुरू असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठीबद्दल जरूर सांगावे.

पुढच्या एमआरआयला नुसता कागदी अहवाल नेऊ नका, पहिल्या तपासणीची सीडीही न्या. दर वेळी फक्त मागच्याच चित्राशी तुलना केली तर वर्षाचा एक मिलिमीटर मोजमापाच्या फरकात हरवतो आणि प्रत्येक अहवाल ‘बदल नाही’ असाच येतो. म्हणून आताचे चित्र पहिल्या चित्राशीही ताडून पाहावे, अशी विनंती रेडिओलॉजिस्टना करावी.