पिजन पॉइंटला मुक्काम करायचाय तर हे वाच

भाऊ, तू लातूरहून पोराकडं कॅलिफोर्नियाला चाललायस अन् तिथल्या पिजन पॉइंटच्या दीपगृहात रात्र काढायची म्हणतोस, तर आधी हे लक्षात घे की टॉवरमधे कुणी झोपू देत नसतं, मुक्काम बाजूच्या घरांमधे, तिथं हॉस्टेल केलंय. टॉवर 1872 चा, 115 फूट उंच, पण 2001 मधे वरचे तुकडे पडले तेव्हापासून चढणं बंद झालं, नंतर दुरुस्ती काढली, म्हणून फोटोवर जाऊ नको, बुकिंगच्या आधी काय चालू काय बंद ते विचारूनच घे.

खरी बघायची चीज म्हणजे जुनी फ्रेनेल लेन्स, हजाराच्या वर काचा हायेत तिच्यात, दिवा लहान पण उजेड एका पट्ट्यात गोळा होऊन समुद्रात लांब जातो. ती 2011 मधे खाली उतरवून धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्याच्या इमारतीत ठेवली होती, आता कुठं हाय ते विचारून घे अन् तिथं निवांत वेळ घाल.

आता थंडी. आपल्याकडं उन्हाळ्यात जीव जातो म्हणून तू सुती कपडे भरशील, तसं करू नको, तिथं जुलैत पण धुकं अन् गार वारा, जाड जॅकेट अन् कानटोपी पाहिजेच. स्वयंपाकघर सगळ्यांचं सामायिक असतंय, भाकरीचं पीठ अन् शेंगदाण्याची चटणी सोबत ने (तव्याचा भरोसा नाही), जवळ दुकान म्हणजे गाडी काढून पेस्कादेरो गावात. हिवाळ्यात गेलास तर देवमासे किनाऱ्यावरून दिसू शकतात, दुर्बीण घे.