मोटिव्हेशनची वाट बघत बसू नकोस

अरे तू म्हणतोयस आधी हिंमत येऊ दे मग सुरुवात करतो, तिथंच गाडी अडकलीय बघ. हिंमत बहुतेक वेळा काम सुरू केल्यावर येते. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः काहीतरी करून दाखवल्यावर, दुसऱ्याने पाठ थोपटून येणारा जोर त्यामानाने लवकर ओसरतो (ते रोज सकाळचे प्रेरणादायी व्हिडिओ, राग मानू नकोस, पण निम्मा टाइमपास असतो).

म्हणून अगदी लाज वाटेल इतकं छोटं काम घे. ज्या फोनची भीती वाटते तो फोन, जो अर्ज अडकलाय त्याचं पहिलं पान, बास. आणि 'उद्या करेन' असं मोघम नको, 'जेवण झालं की त्याच खुर्चीत बसून १० मिनिटं' असं वेळ-जागेसकट ठरव, याने खरंच फरक पडतो. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे, सवयींवरच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे मित्राशी तुलना तर अजिबात करू नकोस.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेव: दोन आठवडे सलग मन उदास आहे, झोप नाही, कशातच रस नाही असं असेल तर तो आळस समजू नकोस, सरळ डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट.