शिमोनाचा पेत्र कधी झाला?

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका तरुणाची वडील, म्हणजे मंडळीची देखभाल करणारा पुढारी, म्हणून निवड व्हायची आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने आपले पूर्वीचे नाव बदलले नाही. प्रभूने शिमोनाला आधी पेत्र केले आणि मगच त्याच्या हाती विश्वासणाऱ्यांचा कळप सोपवला, असे सांगून काही ज्येष्ठ त्याने शास्त्रातले नाव घ्यावे, असा आग्रह धरत आहेत. हे योग्य आहे का?
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : नाव आणि जबाबदारी यांचे शास्त्रात नाते आहे, हे आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे खरे आहे, मात्र ते नाते त्यांना वाटते तसे नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आंद्रिया आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे आणतो आणि त्या पहिल्याच भेटीत येशू त्याला केफा हे नाव देतो. केफा हा शब्द अरामी, पेत्र ग्रीक, आणि दोहोंचा अर्थ खडक. त्या दिवशी शिमोनाच्या स्वभावात खडकासारखे काहीच दिसत नव्हते. अब्रामालाही वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, इसहाकाचा जन्म व्हायचा असताना, अनेक राष्ट्रांचा पिता या अर्थाने अब्राहाम हे नाव मिळाले. म्हणजे हे नाव कोणी स्वतः घेतलेले नाही आणि ते पात्रतेची पावती म्हणूनही मिळालेले नाही. जे अजून घडायचे आहे त्याचे ते वचन आहे.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत झोपी गेलेल्या पेत्राला येशू पुन्हा शिमोन म्हणूनच हाक मारतो. पेत्राने येशूला तीनदा नाकारल्यानंतर, तिबिर्याच्या सरोवराकाठी कळप सोपवतानाही तो त्याला तिन्ही वेळा ‘योहानाच्या पुत्रा शिमोना’ असेच म्हणतो. खडक हे नाव मिळालेल्या माणसाला मेंढरे राखण्याचे काम मिळाले ते जुन्या नावाने, आपले अपयश पुरते ओळखल्यावर. पुढे हाच पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सर्व विश्वासणाऱ्यांना जिवंत दगड म्हणतो आणि स्वतःला केवळ ‘सोबतीचा वडील’ म्हणवतो. आपल्या नावाचा अर्थ त्याने एकट्यासाठी राखून ठेवला नाही.

विश्वास धरल्यावर शौलाचा पौल झाला, असा दाखला कोणी दिला, तर नव्या करारातले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक शांतपणे वाचावे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरील येशूच्या दर्शनानंतरही तो शौलच आहे. तेराव्या अध्यायात ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ एवढाच उल्लेख येतो. तेथे नामकरण झालेलेच नाही.

आपल्या परिसरातलेच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नाव तेच ठेवले. त्यांची पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरची मनू गोखले, लग्नानंतर लक्ष्मी झाली आणि ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईच राहिली. मराठी मंडळ्या आजही टिळकांची भजने गातात.

तेव्हा त्या तरुणाला नाव बदलण्याची अट घालू नये. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय त्याच्यासोबत बसून वाचावा, विशेषतः सोपवलेल्यांवर धनीपण न गाजवण्याविषयीचे वचन, आणि ते त्याला मान्य आहे का, एवढेच विचारावे.