वहिनीची सही आणि बॅरिस्टर

प्रश्न: मी आणि दादा इंग्लंडमध्येच वाढलो. आई आधीच गेली, बाबा यंदा गेले. विलमध्ये घर आणि बाबांचे कंपनीतले शेअर्स सगळं दादाला, एक्झिक्युटरही (विलप्रमाणे वाटप करणारा) तोच, मला थोडी रोख रक्कम. कंपनीत माझे स्वतःचे २५ टक्के शेअर्स आहेत पण दादा हिशेबच दाखवत नाही. विलवर साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची आणि वहिनीची सही आहे. सॉलिसिटर (आमचे कागदपत्रं बघणारे वकील) म्हणतात ट्रस्ट-इस्टेटवाला बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) बघू. पण बाबांचं डोकं तर शेवटपर्यंत ठणठणीत होतं, मग कोर्टात सांगणार काय? आणि कंपनीसाठी दुसरा बॅरिस्टर लागेल का?

उत्तर: अहो, मुद्द्याची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत! वहिनीची सही. १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टचं कलम १५ सांगतं की साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला विलमधून दिलेलं रद्द. विल उभंच राहतं, दादाचं एक्झिक्युटरपदही जात नाही, फक्त त्याला दिलेलं गळतं. मग बाबांनी पर्यायी नाव किंवा उरलेली इस्टेट दुसऱ्या कोणाला लिहिलेली नसेल तर तेवढी इस्टेट विल नसल्यासारखी वाटली जाते, म्हणजे तुम्हा दोघा भावंडांत निम्मी-निम्मी. पण दोन गोष्टी आधी बघा, सही केली तेव्हा दादा-वहिनीचं लग्न झालं होतं का (नंतर झालं असेल तर हा मुद्दा गेला) आणि वहिनी सोडून अजून दोन निःपक्ष साक्षीदार होते का, कारण तसं असेल तर वहिनीची सही धरतच नाहीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी फक्त काकाच दिसतात.

म्हणून बाबांच्या डोक्याचा वाद काढूच नका. प्रोबेट (विल अमलात आणायची कोर्टाची मंजुरी) थांबवायला कॅव्हिएट (ती मंजुरी देऊ नका अशी नोंद) टाक असंही कोणी सुचवेल, पण कॅव्हिएट विलच खोटं म्हणायचं असेल तेव्हा कामाचं, तुम्हाला तर ते विल हवंय, तुमची रोख रक्कम त्यातूनच येते. वारसांच्या तरतुदीच्या १९७५ च्या कायद्याखाली पोटापाण्यापुरतं मागायचा रस्ता मोठ्या मुलांनाही आहे, त्याची मुदत प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिने, ती तारीख तेवढी लिहून ठेवा, बाकी तो रस्ता मला इथे लंगडाच वाटतो.

कंपनीसाठी बहुतेक वेगळा माणूस लागणार नाही. लंडनला लिंकन्स इन या वकिलांच्या भागाच्या आसपास जी चान्सरी चेंबर्स (इस्टेट-पैशाचे दावे लढवणाऱ्या बॅरिस्टरांची ऑफिसं) आहेत तिथले बरेच बॅरिस्टर विल, ट्रस्ट आणि कंपनीची भांडणं सगळंच करतात, कारण प्रश्न फिरून तोच, दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हातात आहे त्याने हिशेब दिला की नाही. अल्पमतातल्या शेअरहोल्डरवर अन्याय होत असेल तर २००६ च्या कंपनीज अ‍ॅक्टचं कलम ९९४ आहे, त्यात कोर्ट बऱ्याचदा समोरच्याला तुमचे शेअर्स विकत घ्यायला लावतं.

पण लगेच केस नको. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा हा तिथला साधारण नियम आहे, आणि इथे दोन्हीकडचा पैसा शेवटी बाबांचाच. आधी बॅरिस्टरकडून लेखी ओपिनियन घ्या, त्यावरून सॉलिसिटरना दादाला पत्र लिहायला सांगा, सोबत विलच्या सहीच्या पानाची कॉपी जोडा. दादाचा वकील ते पान बघून स्वतःच मीडिएशनचं (तिऱ्हाईताकरवी तडजोडीचं) काढेल असं मला वाटतं.