बाथरूमचा खर्च आणि नोटिशीचे दोन महिने

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बारा वर्षं किरायाने राहतो. किराया 9,000 रुपये. गेल्या जूनमध्ये आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या दुकानात गळू लागलं. घरमालक काका तेव्हा हयात होते. ते फोनवर म्हणाले, "तुम्हीच करून घ्या, किरायात वळते करू." 47,000 रुपये लागले, म्हणून जुलै ते नोव्हेंबरचा किराया आम्ही दिला नाही. मध्यंतरी काका गेले. आता काकूंच्या वतीने वकिलाची नोटीस आली आहे: पाच महिन्यांचा किराया 14,000 च्या दराने द्या आणि घर खाली करा. 11 महिन्यांचा करार कधीच संपला आहे. शेजारच्या तशाच खोल्या नुकत्याच 16,000 ला गेल्या. डिसेंबरचा किराया बँकेतून पाठवला, तो त्यांच्या मुलाने परत केला. नोटीस 9 डिसेंबरला सही करून घेतली, उत्तर दिलेलं नाही. पैसे आम्ही घातले, मग थकबाकीदार आम्ही कसे?

उत्तर: तुमचं पत्र 27 जानेवारीचं आहे. नोटीस हातात पडून सात आठवडे झाले आणि या सात आठवड्यांत तुम्ही केलं काय, तर बरोबर कोण याचा विचार. बरोबर कोण हे पुढे कोर्ट ठरवेल. आज प्रश्न फक्त तारखेचा आहे.

मध्य प्रदेशात अजून 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम चालतो. त्याच्या कलम 12 मध्ये घर खाली करून घेण्याची कारणं मोजून दिली आहेत. 11 महिने संपले हे त्यांत नाही, शेजारी जास्त किराया मिळतो हेही नाही. त्यामुळे त्या दोन गोष्टींची धास्ती सोडा. पण पहिलंच कारण थकबाकीचं आहे: मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत भाडेकरूने कायद्याने वसूल करण्याजोगी सगळी थकबाकी दिली नाही किंवा देऊ केली नाही, तर मालकाला बेदखलीचा दावा लावता येतो. "सगळी" हा शब्द नीट वाचा. चार महिन्यांचे दिले आणि एकाचे राहिले, तरी मुदत पाळली असं होत नाही. तुमचे दोन महिने 9 फेब्रुवारीला भरतात. पाकीट उघडलं कधी, वाचलं कधी याला अर्थ नाही. पोचपावतीवर सही झाली तो दिवस धरतात.

आता तुमच्या वजावटीचं बघू. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे, हे याच कायद्याच्या कलम 37 मध्ये स्पष्ट आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून कापून घ्यावा, अशीही सोय आहे. पण तिला दोन अटी आहेत. आधी मालकाला लेखी नोटीस द्यायची आणि वाजवी वेळ थांबायचं. आणि एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या किरायाच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तुमचा वर्षाचा किराया 1,08,000, बारावा हिस्सा 9,000. म्हणजे लेखी नोटीस दिली असती तरी या कलमाखाली एका महिन्याचाच किराया कापता आला असता. तुम्ही पाच महिन्यांचा कापला, तोही तोंडी शब्दावर, आणि शब्द देणारे काका आज नाहीत. पुढे मोठी वजावट हवी असेल तर किराया नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) आधी खर्चाचा अंदाज देऊन परवानगी मागावी लागते. फरशी उखडून नवा पाइप, नहाणी ट्रॅप, वॉटरप्रूफिंग एवढं काम करताना एका कागदावर काकांची सही घ्यायला दहा मिनिटं लागली असती. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या भाडेकरूची हीच गोष्ट असते, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो.

तेव्हा वाद बाजूला ठेवा आणि पैसे भरा. जुलै ते नोव्हेंबरचे 45,000, डिसेंबरचे परत आलेले 9,000 आणि जानेवारीचेही 9,000, असे 63,000. 14,000 चा दर मानू नका. तुमच्याशी न ठरवता मालकाने एकतर्फी वाढवलेला किराया ही माझ्या मते कायद्याने वसूल करण्याजोगी रक्कम नाही. काकूंच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढा आणि 3 फेब्रुवारीच्या आत पोस्टाने पाठवा. सोबतच्या पत्रात लिहा की ही रक्कम बाथरूमच्या खर्चाबाबतचे सर्व हक्क राखून देत आहोत. त्याची एक प्रत त्यांच्या वकिलांनाही पाठवा. ड्राफ्ट नाकारला गेला तर ते पाकीट न फोडता जपून ठेवा, आणि मुदतीच्या आतच तेवढी रक्कम एसडीएम कार्यालयात किराया नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करण्याचा अर्ज द्या. मुलाने डिसेंबरचे पैसे परत केले त्याची बँकेची नोंद छापून ठेवा. तुम्ही पैसे देऊ केले होते याचा आज तुमच्याकडे असलेला तो एकच भक्कम पुरावा आहे.

9 फेब्रुवारी चुकली तर सगळं बुडतं असं नाही. दावा लागला की समन्स मिळाल्यापासून एक महिन्यात थकबाकी कोर्टात भरली आणि पुढे प्रत्येक महिन्याचा किराया पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरत राहिलात, तर कलम 13 तुम्हाला वाचवतं. पण आपल्याकडे असे दावे वर्षानुवर्षं चालतात, मग अपील, आणि त्या सगळ्या काळात 15 तारीख चुकवायची नाही. चुकली तर बेदखलीविरुद्धचा तुमचा बचावच कोर्ट काढून टाकू शकतं. बाजू भक्कम असलेले लोक या एका चुकलेल्या महिन्यापायी हरलेले मी पाहिले आहेत, आणि तारखांवर तारखा देणाऱ्या कोर्टांचाही त्यात वाटा आहे. शिवाय हे संरक्षण एकदा घेतल्यावर पुन्हा सलग तीन महिने थकवलेत तर ते दुसऱ्यांदा मिळत नाही.

47,000 परत मिळतील का? खात्रीने सांगत नाही. कलम 37 ची मर्यादा वसुलीलाही लागू आहे. काकांशी वेगळा करार झाला होता असं म्हणायचं तर तो सिद्ध करावा लागेल. प्लंबरचं बिल, सामानाच्या पावत्या, काकांना पाठवलेले फोटो आणि त्यांचे व्हॉट्सॲप निरोप असतील तर तो फोन विकू नका, बदलू नका. 2023 च्या साक्ष्य अधिनियमाखाली फोनमधला असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. यातून निदान तडजोडीत बोलायला जागा मिळेल, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र नोटिशीत शोधा: घर स्वतःला किंवा मुलाला राहायला हवं, असं काकूंनी लिहिलं आहे का? विधवा मालकिणीला अशा गरजेसाठी दिवाणी दाव्याऐवजी थेट किराया नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथलं समन्स आलं तर शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायला फक्त 15 दिवस असतात. न मागितल्यास मालकिणीचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं. गरज खरी आहे की घर चढ्या किरायाने द्यायचं आहे, यावर तुम्ही भांडू शकता आणि 14,000 ची मागणी तिथे तुमच्या कामी येऊ शकते. पण भांडायला त्या 15 दिवसांत उभं राहावं लागेल.

आणि बाथरूम पुन्हा गळू लागलं तर मिस्त्रीला बोलावण्याआधी काकूंना पत्र टाका: गळती कुठे आहे, कधीपासून आहे, खर्चाचा अंदाज किती, आणि किती दिवसांत दुरुस्ती करून हवी. पोस्टाची पावती त्या पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. तोवर किराया वेळेवर जाऊ द्या.