लेस्टर सिटी हा क्लब खरंच शाळेतल्या मुलांनी काढला होता का?

तुमचा प्रश्न असा आहे की लेस्टर सिटी हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब एका शाळेतून निघाला असं ऐकलंय, ते खरं का. आणि खरं असेल तर शाळेचं नाव क्लबला का नाही?

निम्मं खरं आहे. शाळेने क्लब काढला नाही, शाळा सुटलेल्या पोरांनी काढला. फरक बारीक वाटेल, पण सगळी गोष्ट त्या फरकातच आहे.

साल 1884. लेस्टर हे मोजे-बनियन विणणाऱ्या आणि बूट शिवणाऱ्या कारखान्यांचं गाव. तिथल्या विगस्टन शाळेचे काही माजी विद्यार्थी फॉस रोडवरच्या एका घरात जमले. प्रत्येकी नऊ पेन्स वर्गणी आणि चेंडूसाठी वर नऊ पेन्स, एवढ्या भांडवलावर संघ उभा राहिला. (निसर्गपटवाले डेव्हिड अ‍ॅटनबरो पुढे याच शाळेत शिकले. फुटबॉलशी त्याचा संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

नाव काय ठेवलं? ‘लेस्टर फॉस’. म्हणजे शाळेचं नाही, रस्त्याचं! जसं आपल्याकडे पोरांनी संघाचं नाव ‘जालना रोड’ ठेवावं तसं. फॉस वे हा रोमन लोकांनी बांधलेला जुना रस्ता, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत जाणारा, आणि लेस्टर त्याच्यावरच वसलेलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खंदक. दौलताबादच्या किल्ल्याचा खंदक पाहिला असेल तर अर्थ लगेच डोळ्यासमोर येईल. पहिला सामना 1 नोव्हेंबर 1884 ला, सिस्टन फॉस नावाच्या संघाशी. म्हणजे समोरचेही त्याच रस्त्यावरचे. 5-0 ने जिंकले. मी कॅलेंडर मोजून पाहिलं, त्या दिवशी शनिवार होता. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायकांना आणि किशोरवयीन मुलांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळाली, आणि पुढे शनिवारची दुपार हीच तिकडे फुटबॉलची वेळ होऊन बसली.

आता शाळेचं नाव का नाही, याबद्दल माझं मत. नव्वदच्या दशकात आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दहावी झाल्यावर आम्हीही असाच संघ काढला होता. दहा-दहा रुपये वर्गणी, एक चेंडू, आमखास मैदान. नावात शाळा होती आणि पुढे ‘माजी विद्यार्थी’. घोळ तिथेच झाला. मैदानावर रोज एक उंच मुलगा यायचा, गोलकीपर म्हणून आमच्यापेक्षा दसपट चांगला, पण तो दुसऱ्या शाळेचा. घेतला नाही त्याला. दुसऱ्या वर्षी चौघं इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, एकाला बापाने दुकानावर बसवलं आणि अकरा जणही भरेनात. नावातच कुंपण घातलं होतं, नवीन माणूस येणार कुठून?

इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालेलं दिसतं. सुरुवातीला तिथे श्रीमंतांच्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचाच दबदबा. ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ‘ओल्ड इटोनियन्स’ 1879 आणि 1882 ला एफए कप, म्हणजे तिथली बाद पद्धतीची जुनी स्पर्धा, जिंकून गेला. 1883 च्या अंतिम सामन्यात त्यांना ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघाने 2-1 ने हरवलं, आणि त्यानंतर एकाही माजी विद्यार्थी संघाला तो कप जिंकता आला नाही. संडरलंडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तो क्लब 1879 मध्ये चक्क शाळामास्तरांनी, फक्त मास्तरांसाठी काढला होता. वर्षभरात पैशांची चणचण भासली, तेव्हा नावातले ‘टीचर्स’ काढून टाकले आणि बाहेरच्यांना दार उघडलं. तो क्लब आजही आहे.

लेस्टरच्या पोरांनी हे पहिल्याच दिवशी केलं. ठरवून केलं की सहज घडलं, देव जाणे. मैदानं मात्र त्यांनी भरपूर बदलली. 1891 मध्ये फिल्बर्ट स्ट्रीटला स्थिरावण्याआधी पाच मैदानं झाली. त्यातलं एक बेलग्रेव्ह रोडवर. आज त्याच बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं आहेत आणि तिथली दिवाळी पाहायला लांबून लोक येतात.

1894 ला फुटबॉल लीग या क्लबांच्या साखळी स्पर्धेच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला आणि 1908 ला पहिल्या विभागात बढती. तिथे एकच हंगाम टिकले, पण त्या हंगामातला एक किस्सा मराठवाड्यातल्या माणसाला फार जवळचा वाटेल. एप्रिल 1909 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना 12-0 ने धुतलं. बारा! सामना विकला की काय म्हणून चौकशी बसली. निष्पन्न काय, तर एका सहकाऱ्याचं लग्न झालं होतं आणि अख्खा संघ वऱ्हाडी होऊन पिऊन आला होता, ती उतरलीच नव्हती. क्लबचा तो आजवरचा सगळ्यात मोठा पराभव आहे.

मग पहिलं महायुद्ध. 1919 मध्ये कर्जापायी ‘लेस्टर फॉस’ बंद पडला आणि त्याच खेळाच्या वारशावर ‘लेस्टर सिटी’ या नावाने नव्याने उभा राहिला. त्याच वर्षी लेस्टरला शहराचा, म्हणजे सिटीचा, अधिकृत दर्जा मिळाला होता, त्यामुळे नाव चपखल बसलं. गावाचं नाव बदललं की पाट्यांपासून ते म्हाताऱ्यांच्या जिभेपर्यंत काय काय बदलावं लागतं, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. पण तिथे ‘फॉस’ पुसलं गेल्याची फारशी खंत कुणी केलेली दिसत नाही.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून भराभर. 1949, 1961, 1963, 1969 असे चार वेळा एफए कपच्या अंतिम सामन्यात हरले. नामवंत गोलकीपर गॉर्डन बँक्स आणि पीटर शिल्टन, गोल करण्यात पटाईत असा गावातलाच गॅरी लिनेकर, हे सगळे याच क्लबकडून खेळले. 2002 मध्ये फिल्बर्ट स्ट्रीट सोडून जवळच नवं स्टेडियम बांधलं आणि त्याच वर्षी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेले. 2008 मध्ये तिसऱ्या विभागात घसरले. 2010 मध्ये थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी क्लब घेतला. आणि 2016 मध्ये, सट्टेबाजांनी पाच हजारास एक असा भाव दिलेला असताना, 81 गुणांनी प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची साखळी स्पर्धा, जिंकली.

तो उन्हाळा माझ्या पक्का लक्षात आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. आमच्या कॉलनीत टँकर रात्री-बेरात्री यायचा, म्हणून जागंच राहावं लागे. 2 मेच्या रात्री ड्रम बाहेर मांडून मी टॉटनहॅम-चेल्सीचा सामना लावून बसलो होतो. टॉटनहॅम जिंकला नाही तर लेस्टर विजेता, असा हिशोब. 2-2 झालं, लेस्टर न खेळताच जिंकलं. 2021 ला एफए कपही आला, पाचव्या अंतिम सामन्यात.

विगस्टन शाळेचं म्हणाल तर ती आता आपल्या अकरावी-बारावीसारखं कनिष्ठ महाविद्यालय झाली आहे.

तो उंच गोलकीपर पुढे दुसऱ्या एका संघाकडून आमच्याविरुद्धच खेळला. आम्ही 4-0 ने हरलो.