स्मार्ट टीव्ही चार मिनिटं, कागदी पट्टी पंधरा मिनिटं

तुमचा प्रश्न असा: शिरपूर तालुक्यातल्या जि. प. शाळेत स्मार्ट टीव्ही आला, चौथीची मुलं अपूर्णांकाचे व्हिडिओ तल्लीन होऊन बघतात, पण दुसऱ्या दिवशी पाटी कोरीच. मग शिकवायचं कसं?

सर, तास सुरू होताच टीव्ही लावला की मुलं नुसती प्रेक्षक होतात. आधी त्यांना प्रश्न पडू द्या.

फळ्यावर लिहा: १/३ मोठा की १/४? प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं आणि सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. बरीच मुलं १/४ लिहितील, कारण तीनपेक्षा चार मोठे. लगेच दुरुस्त करू नका, सगळा तास त्या चुकीवरच उभा आहे.

मग पट्ट्या. एका बाजूने वापरलेले ए-४ कागद चालतात. कागदाच्या २१ सेंमी रुंदीत ३ सेंमीच्या ७ पट्ट्या निघतात. लांबी २४ सेंमीवर कापा. २४ अशासाठी की २, ३, ४, ६, ८ असे कितीही भाग केले तरी खूण पूर्ण सेंटिमीटरवर पडते. प्रत्येकाला तीन पट्ट्या द्या: एक अखंड, दुसरीवर दर ८ सेंमीला खूण, तिसरीवर दर ६ ला. घडी घालून तीन भाग करायला सांगू नका. ते कमीजास्त होतात आणि तुलनाच फसते. भाकरीचंही तेच, अर्धी आणि चतकोर ठीक, पण हाताने तीन सारखे वाटे पडत नाहीत.

तुकडे कापून एकावर एक ठेवल्यावर मुलांच्या अहिराणीत विचारा, ‘कोनता तुकडा मोठा शे? कसाले?’ (कोणता तुकडा मोठा आहे? का?) वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे मुलाच्या तोंडून यायला हवं. अहिराणीत येवो की पाड्यावरच्या मुलाकडून त्याच्या पावरी बोलीत, तेच खरं उत्तर. प्रमाण मराठीतलं वाक्य नंतर फळ्यावर लिहा.

आता व्हिडिओ, तीन-चार मिनिटांचाच, आणि आवाज बंद ठेवून. निवेदकाची पुस्तकी भाषा पकडण्यातच मुलाचं लक्ष खर्च होतं, म्हणून तुम्ही बोला. उत्तर दिसायच्या आधी थांबवा, ‘पुढे काय होईल?’ विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार महत्त्वाचे आहेत, नाहीतर उत्तर आपणच देऊन मोकळे होतो.

टीव्ही बंद करून शेवटचा प्रश्न: १/५ आणि १/६? २४ चे पाच भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडत नाहीत, त्यामुळे इथे विचारच करावा लागतो. तिसऱ्या आणि आठव्या दिवशी असेच दोन प्रश्न, वही न उघडता. पुन्हा बघण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं.

नेटवर विसंबू नका. व्हिडिओ एमपी-४ स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या आणि आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर लावून बघा. एच-२६५ (व्हिडिओ साठवण्याची नवी पद्धत) ची फाइल काही जुन्या टीव्हींवर फक्त आवाज देते, चित्र नाही. तीच एच-२६४ या जुन्या पद्धतीत बदलली की चालते. लाइट गेली तरी इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीतला निम्मा चार्ज ९० वॅटचा टीव्ही सात-आठ तास चालवतो. फक्त एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर उडतं. दर पंधरा दिवसांनी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.